नागावच्या ओटीवरची चोरी

दोस्तांनो, सुट्टीत गावाला निघताना तुम्ही पिशवीत काय काय भरता? पोहायचे कपडे, टोपी, पत्त्यांचा कॅट, चिवड्याचा डबा... बरोबर? आमच्या घरातून याशिवाय एक जाडजूड कापडी पिशवी निघते. तिच्यात फक्त रहस्यकथा!

थांबा, लगेच घाबरू नका. भुताखेतांच्या नव्हेत आणि रक्ताचे सडे पडणाऱ्या तर मुळीच नव्हेत. ज्या वाचताना पोटात गुदगुल्याही होतात आणि डोकंही खाजवावं लागतं, अशा हलक्याफुलक्या. आणि त्या वाचायचा आमचा एक नियम आहे. शेवटची दहा पानं कपडे वाळत घालायच्या चिमट्याने बंद करून टाकायची. तिथवर पोचलं की प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं, चोर कोण आणि कशावरून. 'कशावरून' लिहिलं नाही तर चिठ्ठी बाद! सगळ्यांच्या चिठ्ठ्या आल्या की मगच चिमटा काढायचा. आमचा चिमटा लालभडक प्लॅस्टिकचा आहे. हा रंग लक्षात ठेवा.

तर यंदा भाऊबीज झाली आणि दुसऱ्याच दिवशी मी, सातवीतला भाचा आणि पाचवीतली भाची असे तिघं नागावला निघालो. मुंबईहून जाणार असाल तर माझं ऐका, समुद्रावरून जा. गेटवेहून लाँच पकडली की तासाभरात मांडवा. सीगल पक्षी लाँचच्या मागे मागे येतात. मांडव्याहून अलिबाग, आणि अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याने आठ-नऊ किलोमीटरवर नागाव. वाटेत साखर-आक्षीची खाडी लागते. पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना नारळी-पोफळी सुरू होतात आणि ऊन जे हरवतं ते थेट समुद्रावरच पुन्हा सापडतं.

नागाव म्हणजे समुद्र, असं पुष्कळांना वाटतं. सुरूची झाडं, काळसर वाळू, हल्ली पाण्यावरच्या स्कूटर आणि रविवारची ही गर्दी! पण खरं नागाव आहे ते वाड्यांत. रस्त्यावरून एक बोळ आत जातो, शेवटी कौलारू घर, घराला ओटी, ओटीवर झोपाळा आणि मागे पोफळीची उंच, सडपातळ रांग. विहिरीचं पाणी पाटातून प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी फिरवतात, त्याला शिपणं म्हणतात. पूर्वी विहिरीवर रहाट असायचा, बैल तो फिरवायचे. आता पंप आला. आमची उतरायची सोय अशाच एका घरात होती. घरच्या आजी ऐंशीच्या पुढच्या. चहा बरोबर चार वाजता. चार म्हणजे चार! पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "उशीर झाला तर गार पिशील हो."

त्या रात्री आम्ही लॅपटॉपवर 'सोनार केल्ला' लावला. सत्यजित राय यांचा १९७४ सालचा सिनेमा, त्यांच्याच फेलूदाच्या गोष्टीवरचा. एका लहान मुलाला मागच्या जन्मातला सोन्याचा किल्ला आठवतो आणि त्याच्यामागे दोन लबाड लागतात. बंगाली संवाद, खाली इंग्रजी अक्षरं, त्यामुळे धाकटीसाठी मी मराठीत रनिंग कॉमेंट्री करत होते. उंटांवरून पाठलाग रंगात आला, आणि गेली वीज! लॅपटॉपच्या बॅटरीनेही पाठोपाठ मान टाकली.

मग काय, कंदिलाच्या उजेडात गप्पा. भाच्याचा देव म्हणजे फास्टर फेणे. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्यात विद्याभवन शाळेत शिकणारा, काडीपैलवान, सायकलवर बसला की वारा. भा. रा. भागवतांनी त्याची वीस पुस्तकं लिहिली. भाच्याने २०१७ साली आलेला सिनेमा पाहिलाय, त्यात दिलीप प्रभावळकर चक्क भा. रा. भागवत होऊन आले होते. मी मात्र दूरदर्शनवरच्या सुमीत राघवनच्या फेणेवर वाढले. "तुझा फेणे शर्टाच्या बाह्या दुमडायचा का?" यावर आमचं भांडणसुद्धा झालं.

आजी अंधारात झोपाळ्यावर बसून ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "आमच्या वेळी बाबूराव अर्नाळकर." बस्स, एवढंच! अर्नाळकरांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. त्यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा छोटू, ही सगळी त्यांचीच मंडळी. एक काळ असा होता की त्यांची छोटी पुस्तकं पोरं अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचायची आणि मोठी माणसं पोरांकडून जप्त करून वाचायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजींनी बोटं मोजून सांगितलं, "आज चतुर्थी. चार पाऊण तीन. तीनला भरती पूर्ण." हे कसलं गणित? तर तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं, म्हणजे भरती कधी पूर्ण होणार ती वेळ निघते. अंदाजेच हं, पण या किनाऱ्यावर चालतं. त्याच्या सुमारे सहा तास आधी ओहोटी. आम्ही नऊ वाजता गेलो तर पाणी खरंच कुठल्या कुठे मागे गेलेलं! ओल्या वाळूवर खेकड्यांनी काढलेल्या गोळ्यांची नक्षी. धाकटीने एका खेकड्याचा 'माग' काढला आणि तो बिळातच संपल्यावर जाहीर केलं, "आरोपी फरार."

परतलो तेव्हा वाडीत शिपणं चालू होतं. आठवीतला एक मुलगा सुट्टीत आजींना मदत करायला येई. पाटाची तोंडं बदलायची, पडलेले झाप ओढायचे, नारळ गोळा करायचे. ओटीवर आमचं पुस्तक पडलं होतं, लाल चिमट्यासकट. रद्दीच्या दुकानातून आणलेलं, मुखपृष्ठ नाही, पहिली चार पानंही नाहीत. त्यामुळे पुस्तकाचं नाव काय आणि लेखक कोण, इथूनच रहस्य! त्या मुलाने ते उचलून चाळलं. "याला चिमटा कशाला?" भाच्याने ऐटीत नियम समजावला. मुलगा हसला, पुस्तक होतं तिथे ठेवलं आणि पुन्हा पाटाकडे गेला. आम्ही आमच्या चिठ्ठ्या लिहून पुस्तकात ठेवल्या. चिमटा संध्याकाळी काढायचा होता.

जेवण झालं. वालाचं बिरडं, भात, सोलकढी. अशा जेवणानंतर कोण जागं राहणार? उठलो तर साडेचार! चहा अजून यायचा होता. आणि ओटीवरचं पुस्तक गायब.

भाचा असा खूश झाला म्हणून सांगू! खरी चोरी, तीसुद्धा आपल्या ओटीवर! त्याने लगेच जमीन तपासली. ओटीच्या पायऱ्यांवर ओल्या पायांचे ठसे, वाडीकडून आलेले आणि वाडीकडेच गेलेले. पाय कुणाचे ओले? शिपणाऱ्याचे. सकाळी पुस्तक कुणी हाताळलं? त्यानेच. गुप्तहेरसाहेब तडक वाडीत गेले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "आमचं पुस्तक दे."

"मी नाय घेतलं," तो मुलगा म्हणाला.

"मग पायऱ्यांवर ठसे कुणाचे?"

"माझेच. पाणी प्यायला आल्तो."

"सगळे चोर असंच म्हणतात!"

मी तिथेच उभी होते. मी भाच्याला लगेच गप्प करायला हवं होतं. केलं नाही. खरं सांगायचं तर क्षणभर मलाही वाटलं, यानेच नेलं असेल, वाचून आणून देईल. तो मुलगा माझ्याकडे बघत होता, मी काहीतरी बोलेन म्हणून. मग त्याने हातातलं खोरं विहिरीला टेकवून ठेवलं आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. आजींनी दोनदा बोळाकडे पाहिलं. "दिवाळीत कुठे गेला असेल," म्हणाल्या. आम्ही काहीच बोललो नाही.

घरात बसवेना, म्हणून मी दोघांना घेऊन शेजारच्या आक्षीला गेले. तिथला शिलालेख मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत मोजतात. वर सूर्य-चंद्र कोरलेले, मध्ये ओळी, खाली गाढवाचं चित्र. अशा दगडाला गधेगाळ म्हणतात. दिलेलं दान जो मोडेल त्याला हा शाप! शिलाहारांच्या केसिदेव राजाच्या काळातला हा लेख. महालक्ष्मी देवीच्या बोडणासाठी धान्य लावून दिल्याची त्यात नोंद आहे. आता यातली गंमत ऐका. अभ्यासकांनी त्यावरचं साल शके ९३४ असं वाचलं, म्हणजे इ. स. १०१२. दुसऱ्या काहींना मात्र तो दोनशे वर्षांनी अलीकडचा वाटतो. दगड तोच, अक्षरं तीच! पण शेकडो वर्षांच्या वाऱ्या-पावसाने आकडे झिजलेले, आणि शिलाहारांत केसिदेव नावाचे राजे एकाहून जास्त. रहस्यकथेत जुळे भाऊ निघावेत तसं झालं की नाही?

"मग खरं साल कुठलं?" भाच्याने विचारलं.

"वाद अजून आहे."

"इतकी वर्षं? पुरावा समोर असून?"

"समोर असून."

तो बराच वेळ दगडाकडे बघत राहिला. परतताना रिक्षात एक शब्द बोलला नाही.

घरी आलो. धाकटी ओले टॉवेल घेऊन मागच्या दारी गेली आणि तिथून किंचाळली, "आत्या! दादा! धावा!"

दोरीवर आजींचे नऊवारी लुगडे वाळत होते. त्याला सगळे लाकडी चिमटे. आणि एका टोकाला एकच लालभडक प्लॅस्टिकचा!

दोस्तांनो, तुम्ही ओळखलंत ना? आम्ही तिघंही एकमेकांकडे बघत राहिलो. चार म्हणजे चारला येणारा चहा काल साडेचारपर्यंत आला नव्हता. का बरं?

आजी माळ्यावर होत्या. सुपाऱ्यांच्या पोत्यांना पाठ टेकून, चष्मा नाकावर, आणि हातात आमचं बिननावाचं पुस्तक. आम्हाला बघून त्या दचकल्या आणि मग लहान मुलीसारख्या हसल्या. लहानपणी त्यांच्या घरी रहस्यकथा वाचायला सक्त मनाई होती. मोठा भाऊ आणायचा, आणि या दुपारी सगळे निजले की माळ्यावर जाऊन वाचायच्या. काल ओटीवर पुस्तक दिसलं, चिमटा काढला, दोरीवरून जाता जाता सवयीने दोरीला लावला आणि पाय आपोआप माळ्याकडे वळले.

"आजच परत ठेवणार होते. पण शेवटची पानं राहिली होती ना!" मग भाच्याकडे वळून म्हणाल्या, "पाहिलंस, कालपासून घरातल्या घरात चोर सापडेना, आणि तुम्ही मुंबईची माणसं दुसऱ्याला विचारता, अलिबागहून आलास का म्हणून!"

धाकटी खो खो हसली. भाचा हसला नाही. त्याने आजींना कालचं सगळं सांगितलं, ठसे, वाडी, 'सगळे चोर असंच म्हणतात', अगदी सगळं. आजींचा चेहरा उतरला. "अरे, मला विचारायचंस की रे बाळा," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "नाही, मीच सांगून न्यायला हवं होतं."

त्या मुलाचं घर समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर. मी बरोबर निघाले, पण भाचा म्हणाला, "तू मागे थांब." मी कोपऱ्यावर थांबले. मलाही बोलायचं होतं, पण आधी त्याची पाळी. मुलगा अंगणात सायकलची चेन बसवत होता. भाचा काय बोलला ते मला नीट ऐकू आलं नाही. एवढं दिसलं की तो बराच वेळ बोलला आणि मुलाने एकदाही वर पाहिलं नाही. मग मी पुढे झाले आणि म्हणाले, "काल मी तिथे असून गप्प बसले. माझं चुकलं." त्यावरही तो काही बोलला नाही. चेन बसली, त्याने पायडल फिरवून पाहिलं.

आम्ही वळलो तेव्हा मागून आवाज आला.

"चोर कोण होता?"

"कुठे?" भाच्याने विचारलं.

"पुस्तकात."

"अजून आम्हाला पण माहीत नाही. चिमटा तर आजींनी काढला, पण शेवट आम्ही वाचलेला नाही."

"मला दे आधी," तो मुलगा म्हणाला. "मी लिवतो चिठ्ठी."

पुस्तक लाल चिमट्यासकट त्याच्याकडे गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची लाँच होती, त्यामुळे शेवटची दहा पानं वाचायची राहूनच गेली. परवा आजींचा फोन आला होता. तो पुन्हा वाडीत येऊ लागलाय, चिठ्ठीही लिहून झाली आहे, 'कशावरून' चांगलं पाठपोट लिहिलंय म्हणे. पाचही चिठ्ठ्या त्यांनी सुपारीच्या डब्यात ठेवल्यात. हो, पाच! पाचवी आजींची आहे, माळ्यावर चिमटा काढण्याआधीच लिहिलेली, अशी त्यांची शपथ आहे. शेवट त्यांना ठाऊक आहे, पण भाच्याने फोनवर कितीही गयावया केली तरी त्या सांगत नाहीत. डबा मे महिन्यात उघडायचा आहे, नागावला, ओटीवर, चार वाजता.