कोन हाय रं वर?

शेवगावहून गेवराईकडे येताना आमचं उमापूर लागतं. त्याच रस्त्याने उलट गेलं, शेवगाव ओलांडून नेवासा तालुक्यात शिरलं, की शनिशिंगणापूर. तिथल्या घरांना दारं नाहीत, नुसत्या चौकटी. चोरी करील त्याचं काय करायचं ते शनिदेव बघून घेतो. २०११ साली युको बँकेने तिथे बिनकुलपाची शाखा काढली, तेव्हा देशभर बातम्या झाल्या. काचेच्या दाराला विजेवर चालणारी एक न दिसणारी कडी होती, हे त्या बातम्यांत खाली कुठेतरी बारीक अक्षरात असायचं.

शनी आमच्या गेवराई तालुक्यातही आहे. गोदाकाठचं राक्षसभुवन, जिथे १० ऑगस्ट १७६३ ला थोरल्या माधवरावांनी निजामाच्या फौजेचा मोड केला, ते शनीचंच ठिकाण. पण राक्षसभुवनला तेल वाहून आलेला उमापूरकर दिवेलागणीला घरी येतो आणि चपला काढून आधी दार लोटून घेतो. देव तोच, पण त्याच्या बंदोबस्ताची हद्द नेवाशापुरतीच असावी, असा आमच्याकडचा व्यवहारी समज.

आमची जुनी घरं तर चोर गृहीत धरूनच बांधलेली. दगड-मातीच्या हातहात रुंद भिंती, बाहेरच्या अंगाला खिडकी जवळजवळ नाहीच. दोन फळ्यांचं दार, आणि त्यामागे अडसर. हा अडसर म्हणजे एक सरळ लाकूड. दिवसा ते भिंतीतल्या भोकात जाऊन झोपतं, रात्री ओढून पलीकडच्या भोकात सरकवायचं. वर माळवद: तुळया, त्यांच्यावर फळ्या, त्यांच्यावर काड्या-कुड्या आणि सगळ्यांवर पांढरीची माती, दर पावसाळ्याआधी नव्याने चोपलेली. उजेडाला आणि चुलीच्या धुराला माळवदात एक भोक ठेवलेलं असतं, ते सवणं. घराला आभाळ दिसतं ते तेवढंच, आणि चोराला घर दिसतं तेही तेवढंच.

माळवदं एकमेकांना खेटून. लहानपणी आम्ही गल्लीच्या या टोकाहून त्या टोकाला जमिनीला पाय न लावता जायचो. चोरही तसाच जायचा. पण त्याच वाटेने शेजारीही यायचा, हे महत्त्वाचं. रात्री एका घरातून हाक आली की चार माळवदांवरून पायांचा धुडधुड आवाज सुरू व्हायचा. आता स्लॅबची घरं झाली. दोन घरांत बोळ आला, गच्चीला कठडा आला, जिन्याला लोखंडी जाळीचं दार आलं. चोराची वाट बंद झाली हे खरं. शेजाऱ्याचीही झाली, ते घर बांधताना कुणाच्या हिशेबात नव्हतं.

चोर घरात कसा शिरतो याचा सगळ्यात निगुतीने विचार कुणी केला असेल तर कायदा लिहिणाऱ्यांनी. १८६० च्या भारतीय दंड संहितेत घरफोडीचे सहा प्रकार मोजून दिले होते. स्वतः वाट पाडून शिरणं, माणसासाठी नसलेल्या वाटेने शिरणं किंवा भिंत चढून येणं, उघडायची नसलेली वाट उघडणं, कुलूप उघडणं, दांडगाई करणं, बंद केलेली वाट सोडवणं. आत जाताना केलं काय किंवा बाहेर पडताना केलं काय, सारखंच. शिवाय खाली उदाहरणं. अमुक इसम तमुकच्या भिंतीला भोक पाडतो आणि त्यातून हात आत घालतो: ही घरफोडी. दाराच्या भोकातून तार घालून कडी उचलतो आणि दारातून आत येतो: हीही घरफोडी. घरमालकाची हरवलेली किल्ली सापडते आणि तिने कुलूप उघडतो: तीसुद्धा. वाचताना वाटतं, लिहिणारा रात्र रात्र कुणाच्या तरी वळचणीला उभा राहिला असावा. मला त्यातली एक ओळ फार आवडते. तिचा अर्थ असा, की शिरणाऱ्याच्या शरीराचा कुठलाही भाग आत आला की तो शिरलाच. एक बोटसुद्धा पुरे. घराच्या अब्रूची इतकी बारीक काळजी कायद्याने क्वचितच घेतली असेल. १ जुलै २०२४ पासून ती संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, पण शरीराची अट तशीच राहिली. ती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कलम न लागणारे घुसखोर वेगळेच. पावसाळ्यात मण्यार उंदराच्या मागे घरात येते, तीही रात्रीच, आणि जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाच्या कुशीपर्यंत पोचते. तिचा दंश पुष्कळदा कळतही नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, आणि घरचे वाताचं औषध शोधत बसतात. म्हणून बाजेवर झोपावं, मच्छरदाणी गादीखाली खोचावी, आणि शंका आली तर मांत्रिकाकडे न थांबता सरकारी दवाखाना गाठावा. शिरूर कासार तालुक्यात तागडगावला 'सर्पराज्ञी' हे वन्यजीवांचं उपचार केंद्र आहे. त्यामुळे हल्ली साप दिसला की काठीआधी फोन शोधणारी पोरं आमच्या भागात तयार झालीत. २०२० च्या दिवाळीनंतर आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसं मारली, तेव्हाही आमची दारं सूर्य मावळायच्या आत लागत. पण सापाला-बिबट्याला घर हवं नसतं. माणसाची गोष्ट निराळी, त्याला घरातलंच काहीतरी हवं असतं.

पैठण आमच्यापासून लांब नाही. एकनाथांच्या चरित्रात चोरांची एक गोष्ट आहे. कीर्तनाच्या गर्दीत चोर वाड्यात शिरले, लपून राहिले, निजानीज झाल्यावर भांडीकुंडी गोळा केली. आणखी काही मिळेल म्हणून देवघरात गेले, तर तिथे नाथ ध्यानाला बसलेले. चोरांची दृष्टीच गेली. ते चाचपडू लागले, भांडी वाजली. नाथांनी डोळ्यांवरून हात फिरवला, त्यांना दिसू लागलं. नाथांनी बोटातली अंगठीही काढून दिली आणि गिरिजाबाईंना उठवून सांगितलं, पाहुणे उपाशी आहेत, स्वयंपाक कर. कीर्तनकार इथे थांबतो आणि गजर होतो. माझं मन मात्र गिरिजाबाईंपाशी अडकतं. मध्यरात्री चूल पेटवायची, आणि आपलीच भांडी बांधून ठेवलेल्या परक्या पुरुषांच्या पंक्तीला वाढायचं. नाथांना देव भेटला होता, त्यांना भीती कुठली. गिरिजाबाईंनी कणीक तिंबताना काय विचार केला असेल, ते कुणी लिहून ठेवलं नाही.

आमच्या घरातली गिरिजाबाई म्हणजे मोठीमाय, माझी थोरली चुलती. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या मुकादमाची गाडी येते आणि आमच्या भागातली गावं विरळ होत जातात. जायकवाडीचा उजवा कालवा तालुक्यातून माजलगावच्या धरणाकडे जातो, गढीला साखर कारखानाही आहे, तरी उचल घेतलेली माणसं पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जायची ती जातातच. नवरा-बायको मिळून एक कोयता. लेकरंही बरोबर. मागे राहतात म्हातारीकोतारी आणि कुलपं. कुलपांना पाणी लागू नये म्हणून वरून चिंधी गुंडाळलेली. गल्लीत किती घरं भरली आणि किती रिकामी, हे नवख्या माणसालाही त्या चिंध्यांवरून मोजता येतं. चोराला तर येतंच.

एका साली मोठीमायचे तिघेही मुलगे उसाच्या फडावर होते, सुना-नातवंडांसकट. पुढच्या खोलीत कापूस, वेचून आणलेला, भाव वाढेल म्हणून थांबवलेला. आमच्याकडे मळ्यातली पाणबुडी मोटर जाते, केबल जाते, शेळी जाते, सोयाबीनचं पोतं जातं. सोनं कुणाकडे आहे? थंडीत जपायचा असतो तो कापूसच. मोठीमाय मागच्या जुन्या खोलीत, माळवदाखाली झोपलेली.

माळवदाचा एक गुण स्लॅबला येणार नाही: ते चुगली करतं. वर पाऊल पडलं की फळीच्या फटीतून माती झरते. मोठीमायच्या तोंडावर माती पडली आणि ती जागी झाली. मांजर असतं तर इतकी पडली नसती. मग पुन्हा, थोड्या अंतरावर, सवण्याच्या दिशेने.

तिने दिवा लावला नाही. ओरडलीही नाही. नेहमीच्या, जरा वैतागलेल्या आवाजात म्हणाली, "कोन हाय रं वर? आण्णा, ऊठ बरं. बापू, ती बॅटरी घे. काठी दाराआड हाय, भाऊ." तिघेही तेव्हा दोन-अडीचशे मैलांवर कोपीत मेल्यासारखे झोपलेले. मग तिने जे केलं ते मला कधीच सुचलं नसतं. ती खोकली. साधं नाही, आमचे चुलते खोकायचे तसं, खोल घशातून, शेवटी एक खाकरा. चुलते जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण तो खोकला गल्लीत सगळ्यांच्या ओळखीचा. वरचं पाऊल थांबलं. मग घाईने चारसहा पावलं, शेजारच्या माळवदावर, आणि धप्प. शेजारचं घरही कुलपातच होतं.

सकाळी बघितलं तर सवण्यावरची फळी सरकवलेली. गेलं काहीच नाही. मी फोनवर फिर्याद देण्याविषयी बोललो, तर म्हणाली, "कुणाची देऊ? पायाची?" मग एकदम हसली. "लय जनं होतो रं आम्ही रात्री घरात."

मी शहरात तिहेरी बंदोबस्ताच्या दारामागे राहतो. एक कुलूप, एक साखळी, एक पाहायचं भिंग. त्या वाक्यानंतर काही दिवस मला ते दार फार पोकळ वाटलं. रात्री आवाज आला तर मी कुणाची नावं घेणार? समोरच्या घरातल्या गृहस्थांचं आडनाव मला पाटीवरून माहीत आहे, एवढंच. पोलिसांना लावायचा ११२ पाठ आहे, ही चांगली गोष्ट. लावावा, तो त्यासाठीच आहे. आणि चोर समोरासमोर आलाच तर त्याची पळायची वाट अडवू नये, हेही शहाणपणाचं. मोठीमायने नेमकं तेच केलं होतं. तिने त्याला घर भरलेलं आहे एवढंच कळवलं, आणि जायला वेळ दिला.

२०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर मात्र तिचा हा उपाय चालेना. बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर, तिन्ही जिल्ह्यांतल्या गावांवरून रात्री ड्रोन फिरू लागले. लाल-हिरवे दिवे यायचे, घोंघावायचे, एखाद्या वस्तीवर थांबायचे, जायचे. नदीपलीकडे, मराठा आरक्षणाच्या आंदोलनाच्या आंतरवाली सराटीवरही दिसले, विधिमंडळात प्रश्न निघाला. चोर आधी टेहळणी करतात, अशी वदंता पसरली. पोरं काठ्या, बॅटऱ्या घेऊन पारावर जागू लागली. पोलीस सांगत होते, अफवांवर विश्वास ठेवू नका. पण डोक्यावर दिवा घोंघावत असताना अफवा कशाला म्हणायचं हे ठरवणं अवघड. मघाची शरीराची अट इथे आठवते. ड्रोनला बोट नाही. त्याने भिंतीतून हात घातला नाही, कडी उचलली नाही, माळवदावर पाऊल ठेवलं नाही, त्यामुळे मातीही झरली नाही. आत न येता सगळं घर बघून गेला. "याला कुणाचं नाव सांगू," मोठीमाय म्हणाली. "त्याला कान हायेत का?"

त्या जागरणांची मला चोरापेक्षा जास्त धास्ती वाटत होती. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा आहे. १ जुलै २०१८, बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे पाच नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षेकरी. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा मोबाइलवर फिरत होत्या. जमावाने त्यांना गाठलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथेच मारून टाकलं. पाचही जण. आमच्या लहानपणी पहाटे वासुदेव न विचारता अंगणात यायचा, नंदीबैलवाला थेट ओसरीपाशी उभा राहायचा, बहुरूपी तर पोलिसाच्या वेशात दम देत दारात यायचा आणि घरातली बाई हसून त्याला सुपातून जवारी घालायची. बिनबोलावता येणाऱ्या माणसांची एवढी वर्दळ असायची, की अंगणात परका दिसला म्हणून कुणी दगड उचलत नसे. ती वर्दळ आटली. आता अनोळखी माणूस दिसला की आधी फोटो निघतो. उमापूरच्या पोरांनी त्या पावसाळ्यात कुणावर हात टाकला नाही. पारावर दोन वयस्क माणसं रोज बसून राहिली, त्याचाही त्यात वाटा असणार.

गेल्या हंगामात भाऊने जाताना मोठीमायच्या ओसरीला कॅमेरा लावला. सिमकार्डवर चालणारा, अंधारात बघणारा, बोलणारासुद्धा. फडावर पहाटे मोळ्या भरायला उठला की तो कोपीच्या दाराशी बसून उमापूरचं अंगण बघतो. शेळी दिसते, चूल दिसते, कधी बोळातून मांजर गेलं तरी मोबाइल वाजतो. मोठीमायला कॅमेऱ्यातून बोलता येतं हे सांगायचं मात्र राहून गेलं होतं. एका रात्री ती बाहेर येऊन उभी राहिली, तेव्हा वळचणीतून अंधारातच आवाज आला, "माय, कडी लावली का?"

तिच्या हातातला तांब्या पडला. मग देवाधर्मातल्या सगळ्या शिव्या झाल्या. दुसऱ्या दिवशी तिने भाऊला फोनवर बजावून सांगितलं, "मेल्या, असं एकाएकी वरून बोलत जाऊ नको, जीव गेला आस्ता माझा. बोलायचं आसंल तर आधी खोकत जा."

आता तो आधी खोकतो.