परतीचा कागद

आमच्या पेढीवर तीस वर्षे हिशेब लिहिणाऱ्या दिवाणजींचा मुलगा कुवेतला गेला, तेव्हा एजंट मीच सुचविला होता. त्या गृहस्थाने दीड लाख मागितले. 1983च्या उत्प्रवासन कायद्याखालील नियमांनुसार परवानाधारक एजंटालाही 30,000 रुपये व त्यावरील कर याहून अधिक घेता येत नाही. याच्याकडे परवाना आहे की नाही, हेही मी विचारले नाही. नमुना पाहिल्याखेरीज कापडाचा सौदा न करणारा मी!

मुलाला दुकानातील नोकरी सांगितली होती. व्हिसा निघाला घरगुती कामाचा. त्या व्हिसावर दुकानात काम करणे हाच तेथे गुन्हा. तपासणीत तो सापडला आणि हद्दपार करावयाच्या लोकांच्या कोठडीत गेला. पासपोर्ट मालकाकडे. अकरा दिवस आम्हांला काहीच कळले नाही. दिवाणजी रोज वेळेवर येत, कीर्द लिहीत. फक्त बेरीज दोनदा करीत.

1963च्या व्हिएन्ना करारानुसार अटकेतील परदेशी माणसाने मागणी केल्यास त्याच्या वकिलातीला कळवावे लागते. पण मागणी करावयाची असते, हे त्या पोराला कोण सांगणार? आम्ही येथून परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदविली. पासपोर्टाची छायाप्रत दिवाणजींनी जुन्या खतावणीत जपून ठेवली होती. तो भारतीय असल्याची खात्री पटविण्यास तीच कामी आली. दूतावासाने इमर्जन्सी सर्टिफिकेट दिले. मायदेशी येण्यापुरता, एकाच फेरीचा तो कागद.

तिकिटाचे पैसे मी देऊ केले. दिवाणजी म्हणाले, “शेठ, तुमचे घेतले, तर मला तुमच्यावर रागावता येणार नाही.”

अखेर तो खर्च भारतीय समुदाय कल्याण निधीतून झाला. 2009 साली स्थापन झालेल्या या निधीत दूतावासांतील सेवांवर आकारलेल्या शुल्काची भर पडते. म्हणजे पुष्कळसा पैसा परदेशी राहणाऱ्या आपल्याच माणसांचा. मला तो आपल्या मंदिरातील साधारण खात्यासारखा वाटला: देणाऱ्याचे नाव घेणाऱ्याला कळत नाही.

मुलगा परत आला. बोटांचे ठसे घेऊन पाठविल्यामुळे कुवेतचे दार आता बंद. सध्या तो गावातच एका गोदामात कामाला जातो. माझ्याशी बोलतो, पण बेताने.

संवत्सरीला मी त्यांच्या घरी जाऊन ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटले. दिवाणजी जैन नव्हेत; तरी इतकी वर्षे तेही उलट तेच शब्द म्हणत आले. यंदा त्यांनी नुसते हात जोडले, आणि मुलाला चहा आणावयास सांगितले.