उसने पातेले

दिवाळीच्या आधी आठ दिवस आमच्या घरातल्या माळ्यावरची भांडी खाली उतरतात. वर्षभर कोणाच्या नजरेला न पडणारी पितळी पातेली, परात, घंगाळ ही सारी मंडळी चिंचेने अंग घासून घेऊन ओळीने उन्हात बसतात. या सोहळ्यात माझा वाटा शिडी धरण्यापुरता. यंदा तसा शिडी धरून उभा असताना सौभाग्यवतींनी वरून एक पातेले माझ्या हाती दिले आणि विचारले, "हे कोणाचं हो?"

काठावर नाव घातलेले होते, पण ते आमच्या घराण्यातले नव्हते. जुन्या वाड्यात आमच्या समोरच्या बिऱ्हाडात राहणाऱ्या बाईंचे ते नाव. कधी तरी सत्यनारायणाच्या प्रसादासाठी आईने ते उसने आणले असणार आणि परत करायचे राहून गेले असणार. वाडा पडला, आई गेली, त्या बाईही गेल्या. पातेले मात्र परक्याचे नाव अंगावर वागवीत चाळीस वर्षे आमच्या माळ्यावर बसून होते.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आमची कन्या ओरडली, "बाबा, याने मला पुन्हा अडवलं!"

कन्या काय काम करते हे कोणी विचारले की आमच्या घरी मोठी पंचाईत होते. ती 'कर्नल'चे काम करते, असे सौभाग्यवतींनी एकदा भिशीत सांगितले. तेव्हा एका बाईंनी तिला लष्करात इतक्या लवकर बढती मिळाल्याबद्दल अभिनंदन केले होते! हा कर्नल लष्करातला नव्हे. संगणकाचा सारा कारभार पाहणारा जो गाभा, त्याचे हे नाव. कोणाला किती जागा द्यायची, कोणाचे काम आधी करायचे, कोणते यंत्र काय सांगते आहे, हे सगळे तो बघतो. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली ज्याची घोषणा केली, तो लिनक्स हा असाच एक गाभा. आज तो तुमच्या-आमच्या अँड्रॉइड फोनमध्येही आहे. चालत्या गाभ्यात मागाहून बसवायचा तुकडा म्हणजे मोड्यूल. नवी सून उंबरठा ओलांडून आत आली आणि त्याच क्षणी तिजोरीच्या किल्ल्या तिच्या हाती पडल्या, तशी मोड्यूलची स्थिती असते. साधा प्रोग्राम चुकला तर तो एकटा मरतो. मोड्यूल चुकले तर साऱ्या घराला घेऊन बुडते.

अशी मोड्यूल्स लिहिण्यात माझीही तीस वर्षे गेली. आमची भाषा सी. बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी ती घडवली. सीमध्ये स्मृतीतली जागा आपण मागून घ्यायची आणि काम झाले की आपणच सोडून द्यायची. सोडलेल्या जागेत चुकून पुन्हा लिहिले तर? सी अवाक्षर काढीत नाही. ती जागा एव्हाना दुसऱ्या कोणाला दिलेली असते. आपण तिथे लिहितो आणि त्याच्या संसाराचे वाटोळे होते. चोरी एका घरात आणि बोंब चार गल्ल्या पलीकडे, तीही कित्येक दिवसांनी! या अबोल भाषेत निर्धास्त लिहिता येते, याचा आम्हां लोकांना कोण अभिमान! सावध माणसाला पहारेकऱ्याची गरज काय, असे मीही पुष्कळदा ऐटीत म्हटले आहे.

आता सांगतो ते यापूर्वी कोणाला सांगितलेले नाही. २००१ सालच्या गाळप हंगामात एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर आम्ही संगणक बसवला होता. काट्यावरचा आकडा संगणकात आणणाऱ्या कार्डाचे मोड्यूल मी लिहिले होते. माझ्या हाताखाली कोल्हापूरकडचा एक तरुण होता. किरकोळ जोडकाम त्याच्याकडे. हंगाम ऐन भरात असताना तो संगणक चार-पाच दिवसांआड गोठू लागला. गोठला की काटा बंद आणि काटा बंद की रस्त्यावर उसाच्या बैलगाड्यांची रांग. एका रात्री मी स्वतः तिथे होतो. गाडीवान शेकोट्या पेटवून बसले होते. तोडलेला ऊस पडून राहिला की वाळतो आणि वाळला की वजनात घटतो. म्हणजे प्रत्येक तासागणिक कोणाच्या तरी घामाचे पैसे उडून चालले होते.

दोष सापडेना. साहेबांना कोणाचे तरी नाव हवे होते. शेवटी त्या मुलाच्या जोडकामावर ठपका आला. मी काही बोललो नाही. मला खरोखरच वाटत होते की आपले मोड्यूल निर्दोष आहे. महिन्याभरात तो नोकरी सोडून गेला.

दोन वर्षांनी, दुसऱ्याच कामासाठी तेच मोड्यूल उघडले आणि माझ्या पायांखालची जमीन सरकली. कार्ड पुन्हा सुरू करताना मी स्मृतीतली एक जागा सोडून देत होतो. पण त्याच क्षणी काट्याकडून आकडा आला तर तो लिहून घेणारा भाग अजून त्याच जागेत लिहीत होता. मी दोन ओळी इकडच्या तिकडे केल्या, फाइल बंद केली आणि गप्प बसलो. त्या मुलाचा पत्ता तेव्हा शोधला असता तर सापडला असता.

कन्या ज्या भाषेत लिहिते तिचे नाव रस्ट. ग्रेडन होअर या प्रोग्रामरने २००६ साली ती स्वतःच्या हौसेने सुरू केली. व्हँकूव्हरमधल्या त्याच्या इमारतीच्या लिफ्टचा प्रोग्राम कोसळला आणि त्याला एकविसाव्या मजल्यापर्यंत जिने चढावे लागले, अशी तिची जन्मकथा सांगतात. रस्ट म्हणजे लोखंडावरचा गंज असे मला वाटे. पण होअरने हे नाव पिकांवरच्या तांबेऱ्यावरून घेतले. काही झाले तरी तगून राहणारी ती बुरशी! २०१५ साली भाषेची पहिली पक्की आवृत्ती निघाली आणि डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्सच्या ६.१ या आवृत्तीत तिला पहिल्यांदा पाट मांडला गेला.

त्या सकाळी मी कन्येला म्हटले, "तुझ्या भाषेचा नियम मला एका वाक्यात सांग."

तिने माझ्या हातातल्या पातेल्याकडे बोट दाखवले. "हेच, बाबा. प्रत्येक भांड्यावर एकाचंच नाव. मालक गेला की भांडं मोडीत. उसनं देता येतं. पण ते कोणाकडे उसनं असेतोवर मालकाला मोडीत काढता येत नाही. बघायला कितीही जणांनी न्यावं. पण त्यात काही शिजवायचं असेल तर एका वेळी एकानंच."

"आणि हे बघतं कोण?"

"कंपायलर. प्रोग्राम चालायच्या आधीच."

मला राहवेना. तिच्या शेजारी बसून मी माझी ती जुनी चूक रस्टमध्ये थोडक्यात उतरवली: जागा एकाला उसनी दिली आणि त्याचे काम चालू असतानाच मोकळी केली. कंपायलरने मला तिथेच थांबवले. कोणत्या ओळीत उसने दिले, कोणत्या ओळीत मोडीत काढू पाहिले आणि त्यानंतर कोणत्या ओळीत ते पुन्हा लागणार आहे, हे खुणा करून दाखवले. जी चूक शोधायला मला दोन वर्षे लागली, ती त्याने चहा निवायच्या आत हातात ठेवली. कन्या हसली, मला काही हसू आले नाही.

"वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली जाहीर केले होते की त्यांच्याकडे दरवर्षी दुरुस्त होणाऱ्या सुरक्षादोषांपैकी सुमारे सत्तर टक्के स्मृतीच्या अशाच गैरवापराचे असतात. म्हणजे या पापात मला सोबत पुष्कळ होती. पण त्यांपैकी कोणी माझ्याबरोबर त्या शेकोटीपाशी उभे नव्हते.

नवी सून आली म्हणून घरात सगळे आनंदीआनंद झाले असेही नाही. तीन कोटींहून अधिक ओळींच्या त्या गाभ्यात बहुतेक सारे सीचेच राज्य. दोन भाषांचा संसार कोणी सांभाळायचा, यावरून २०२४ आणि २०२५ साली बरीच भांडणे झाली. काही जण काम सोडूनही गेले. डिसेंबर २०२५ मध्ये मात्र टोकियोच्या बैठकीत जाणत्यांनी ठरवले की आता हा प्रयोग राहिलेला नाही. गंमत अशी की त्याच महिन्यात गाभ्यातल्या रस्टच्या नावावर पहिला सुरक्षादोषही नोंदला गेला. तो निघाला 'अनसेफ' म्हणून खूण केलेल्या भागात.

हा 'अनसेफ' मला फार आवडला. गाभ्यात काही ठिकाणी कंपायलरला खात्री देता येत नाही. यंत्राशी थेट बोलावे लागते, सीच्या घरात पाऊल टाकावे लागते. तिथे रस्ट मनाई करीत नाही. तुम्ही म्हणायचे, "इथली जबाबदारी माझी." आणि लिनक्सचा दंडक असा की अशा प्रत्येक जागेच्या डोक्यावर 'सेफ्टी' असा शब्द लिहून, हे धोक्याचे कृत्य तरीही ठीक का आहे, ते साध्या भाषेत सांगायचे. चुकलात तर पुढच्या माणसाला कोणत्या दारी जायचे हे कळते. माझ्या दोन ओळी मी इकडच्या तिकडे केल्या तेव्हा त्यांच्या डोक्यावर काहीच लिहिले नव्हते.

जुन्या सहकाऱ्याकडून मी त्या मुलाचा नंबर मिळवला. मुलगा कसला, आता पन्नाशीला टेकलेला गृहस्थ. मी सगळे सांगितले. पलीकडे बराच वेळ कोणी बोलेना. मग तो हळूच म्हणाला, "सर, इतकी वर्षं मला वाटत होतं की ती चूक माझीच होती." त्यानंतर त्याने पुन्हा कधी यंत्राजवळचे काम घेतले नव्हते, असे बोलण्यातून कळले. मी क्षमा मागितली. ती दिली, असे तो म्हणाला नाही आणि मीही विचारले नाही.

पातेले अजून ओट्यावर आहे. त्या बाईंचे चिरंजीव धायरीला राहतात, असा शोध लागला आहे. सौभाग्यवतींनी ते लख्ख घासून ठेवले आहे. पाडव्याला त्यात चकल्या आणि अनारसे घालून मी ते पोचवणार आहे. उसने भांडे रिकामे परत करू नये, असे माझी आई म्हणत असे.