हार्डविक हॉल : काच आणि लोकर

इंग्लंडमधील डर्बीशायर काउंटीतल्या हार्डविक हॉल या प्रासादाच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, सुमारे पन्नास मीटर लांबीच्या दालनात, तेरा टॅपेस्ट्री टांगलेल्या आहेत. टॅपेस्ट्री म्हणजे मागावर रंगीत धाग्यांनी चित्र विणून काढलेला, आख्खी भिंत झाकणारा जाड पडदा. या पडद्यांवर ज्या हरिणी विणलेल्या होत्या, त्यांना विणकराने अर्थातच शिंगे दिली नव्हती. ती पडद्यांचा मालक बदलल्यावर त्यांच्या डोक्यावर चढवण्यात आली, आणि त्या शिंगांमागे या घराचा निम्मा इतिहास आहे.

घर उभे राहिले 1590 ते 1597 या काळात. ते बांधवून घेणारी एलिझाबेथ, श्रूजबरीची काउंटेस, म्हणजेच इतिहासात बेस ऑफ हार्डविक या नावाने ओळखली जाणारी स्त्री, याच टेकडीवरच्या एका बेताच्या जमीनदार घराण्यात जन्मली, चार वेळा विवाहबद्ध झाली आणि चौथ्या पतीच्या निधनानंतर इंग्लंडमधील सर्वांत श्रीमंत स्त्रियांपैकी एक ठरली. आराखडा रॉबर्ट स्मिथसन या वास्तुकाराचा असल्याचे मानले जाते. त्या काळी काच महाग होती आणि बड्या घरांतही भिंतींत मोजकीच भोके ठेवण्याची रीत पूर्णपणे मागे पडलेली नव्हती. इथे मात्र दर्शनी बाजूला दगड केवळ चौकटीपुरता उरला आहे आणि शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या लहान लहान तावदानांनी बाकी सारी जागा घेतली आहे. हे जमले याचे कारण असे की शेकोट्यांची धुराडी बाहेरच्या भिंतींत न ठेवता घराच्या मध्यातून जाणाऱ्या जाड भिंतीत घेतली गेली आणि बाहेरच्या भिंती खिडक्यांसाठी मोकळ्या झाल्या. तरीही समतोल साधण्यासाठी काही खिडक्या नुसत्या दिखाऊ ठेवाव्या लागल्या, म्हणजे बाहेरून त्यांना काच आहे, पण आत खोली नसून भिंत किंवा धुराडे आहे.

खिडक्यांची उंची मजल्यागणिक वाढत जाते, हे या वास्तूचे खरे वैशिष्ट्य. तळमजला नोकरचाकर आणि मुदपाकखान्याचा, मधला कुटुंबाच्या रोजच्या वावराचा आणि सर्वांत वरचा मानाच्या पाहुण्यांचा, अशी ही मांडणी असून दगडी जिना घराच्या पोटातून संथपणे वळणे घेत पाहुण्याला वर नेतो. या जिन्याइतकी सुंदर गोष्ट संपूर्ण घरात दुसरी नसेल. त्या मानाने छतावरच्या सहाही मनोऱ्यांच्या कठड्यांवर दगडात कोरलेली ई आणि एस ही मालकिणीची मुकुटधारी आद्याक्षरे जरा जास्तच वाटतात; खिडक्यांनी जे सांगून झाले होते, ते पुन्हा अक्षरांत सांगण्याची गरज नव्हती.

टॅपेस्ट्रींची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. बायबलमधील ‘शास्ते’ या पुस्तकात गिदोन नावाचा वीर अवघे तीनशे लोक घेऊन, घागरींत लपवलेल्या मशाली आणि रणशिंगे यांच्या बळावर मिद्यानी सैन्याची दाणादाण उडवतो, तो प्रसंग या तेरा पडद्यांवर उलगडतो. ते फ्लँडर्समध्ये, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या परिसरात, 1578च्या सुमारास विणले गेले, आणि तेही बेससाठी नव्हे, तर राणी एलिझाबेथचा मर्जीतला मंत्री सर ख्रिस्तोफर हॅटन याच्यासाठी. हॅटन 1591 मध्ये डोक्यावर मोठे कर्ज ठेवून वारला. पुढच्याच वर्षी बेसने त्याच्या वारसाकडून सर्व तेरा पडदे 326 पौंडांहून थोड्या अधिक किमतीला ठरवले आणि त्यावर पाच पौंडांची सूट मागून घेतली. कारण तिने रोखठोक पुढे केले: पडद्यांवर हॅटनची कुलचिन्हे आहेत आणि ती बदलून घेण्याचा खर्च तिला पडणार आहे. प्रत्यक्षात नवे विणकाम झालेच नाही. लोकरी कापडाच्या तुकड्यांवर तिचे कुलचिन्ह रंगवून ते तुकडे हॅटनच्या चिन्हांवर ठिगळासारखे लावण्यात आले, आणि हॅटन घराण्याचे मानचिन्ह असलेल्या हरिणींना शिंगे देऊन, बेसच्या दुसऱ्या पतीच्या, म्हणजे कॅव्हेंडिश घराण्याच्या चिन्हातला नर तयार केला गेला. दगड, काच आणि शिसे यांवर सढळ हाताने खर्च करणारी ही स्त्री ठिगळाच्या कामात पाच पौंड राखते, यात तिचा कंजूषपणा पाहण्यापेक्षा हिशेबाची पक्की नजर पाहणे अधिक न्याय्य ठरेल, कारण अशा नजरेवाचून सात वर्षांत असे घर पुरे होत नाही.

बेस 1608 मध्ये वारली. तिच्या वंशजांनी, पुढे डेव्हनशायरचे ड्यूक झालेल्या कॅव्हेंडिशांनी, चॅट्सवर्थ हे मुख्य घर मानले; हार्डविककडे फारसे कोणी वळले नाही आणि म्हणूनच ते नव्या रुचीप्रमाणे पाडून पुन्हा बांधण्यातून वाचले. दहाव्या ड्यूकच्या 1950 मधील मृत्यूनंतर आलेल्या वारसा कराच्या मोबदल्यात हे घर सरकारकडे गेले आणि 1959 मध्ये नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या ताब्यात आले. नवव्या ड्यूकची विधवा एव्हलिन ही इथे राहणारी शेवटची मालकीण. जीर्ण भरतकाम आणि टॅपेस्ट्री ती स्वतः सुईदोरा घेऊन सांधत असे.

ट्रस्टने गिदोनच्या पडद्यांची दुरुस्ती 1999 मध्ये सुरू केली आणि ती 2023 मध्ये संपली. चार शतकांचा धूर आणि धूळ काढण्यासाठी पडदे बेल्जियममध्ये नेऊन धुतले गेले, मग नॉरफोकमधील कार्यशाळेत टाका टाका करून त्यांना आधार दिला गेला. उजेड हाच कापडाचा मोठा शत्रू असल्याने, उजेडासाठी बांधलेल्या या घरात आज खिडक्यांवर पडदे ओढून तो मोजून आत घ्यावा लागतो. त्या काळचे विणकर हिरवा रंग निळ्यावर पिवळा चढवून मिळवीत. वनस्पतिजन्य पिवळा उन्हाने आधी उडतो आणि निळा टिकतो, म्हणून जुन्या टॅपेस्ट्रींतली झाडे निळसर दिसतात, पण उलट बाजूला, जिथे प्रकाश पोहोचलेला नसतो, तीच झाडे बरीच हिरवी असतात. दुरुस्ती करणारे मात्र नवा धागा निवडताना मागच्या ताज्या रंगाशी नव्हे, तर पुढच्या विटलेल्या रंगाशी जुळवतात, आणि तेच योग्य आहे. भडक हिरवा टाका त्या निळसर रानात दुरूनही डोळ्यांत खुपला असता.