पावसाळ्यातील प्रदक्षिणा

हृदयविकाराच्या झटक्यातून सावरल्यावर डॉक्टरांनी मला रोज अर्धा तास चालण्याचा नेम घालून दिला. जागतिक आरोग्य संघटनेचे २०२० चे मानही तेच सांगते : आठवड्यास निदान १५० मिनिटे मध्यम श्रम. देवळाच्या प्रदक्षिणांनी तो नेम सुखाने चालला. पण जोयड्यात आषाढ लागला आणि शेवाळलेल्या फरशीवर पाऊल ठरेना.

चिरंजीवांनी ट्रेडमिल सुचविली. चालण्याने हाडांना बळ येते, हा तिचा गुण खरा. परंतु इंग्लंडात क्युबिट नामक अभियंत्याने १८१८ मध्ये तुरुंगातील कैद्यांसाठी जे पायचाक योजिले, त्याचेच नाव हिने घेतले आहे, हे वाचून मला हसू आले. शिवाय तिला वीज हवी. ज्या विजेसाठी जुने सुपे गाव काळी नदीच्या जलाशयाखाली गेले, ती वीज आमच्याकडे तारेवर एक फांदी पडताच नाहीशी होते. आणि चालता पट्टा एकाएकी थांबला, तर साठी उलटलेल्या माणसाने तोल कसा सावरावा?

अखेर व्यायामाची सायकल घेतली. तिच्या चाकास चुंबकाचा अडसर आहे. वीज लागत नाही. अंगाचा भार आसनावर राहतो, त्यामुळे गुडघेही कुरकुरत नाहीत. सायंआरतीची घंटा झाली की मी पाय चालवू लागतो; वेग एवढाच, की तोंडचे नामस्मरण तुटू नये. कार्तिकात फरशी वाळेल. तेव्हा पुन्हा देवाभोवती चालता यावे, एवढ्यासाठीच ही जागच्या जागी यात्रा.