रघुनाथराव आणि आमच्या आजेसासूबाई

महर्षी कर्व्यांचं नाव कुणाला ठाऊक नाही? पण त्यांच्या थोरल्या मुलाचं, र. धों. कर्व्यांचं नाव काढलं की आमच्याकडे अजूनही बायका पदर सावरून विषय बदलतात.

रघुनाथराव विल्सन कॉलेजात गणित शिकवीत. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनला मेरी स्टोप्सबाईंनी आपला दवाखाना उघडला तो त्याच वर्षी. म्हणजे आपण काही मागे नव्हतो हो! पण प्राध्यापकाने असलं काम करावं, हे कॉलेजला रुचेना. नोकरी सोडावी लागली.

आमच्या आजेसासूबाईंची नऊ बाळंतपणं. सगळी वटारच्या या घरातच. पहाटे उठून मोगरा खुडायचा, केळीला पाणी सोडायचं आणि पोटात कायम कुणीतरी. एकदा भाजी निवडता निवडता मला हळूच म्हणाल्या, "नको म्हणता येतं, हे कुणी सांगितलंच नाही गं!" त्या नवी नवरी म्हणून आल्या तेव्हा, विरारहून गाडीत बसलं की जिथे पोचता येतं त्या मुंबईत, नेमकं हेच सांगणारा माणूस बसलेला होता. पण सांगायचं कुणी, आणि त्यांना गाडीत बसवायचं कुणी?

जुलै १९२७ पासून रघुनाथरावांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, ते थेट मरेपर्यंत. कामजीवनात बाईच्या सुखालाही पुरुषाइतकीच किंमत आहे, असं ते स्वच्छ लिहीत. वाचक खाजगी शंका विचारीत आणि ते आडपडदा न ठेवता उत्तरं देत. या उत्तरांपायीच १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर! तरी खटला हरले, दंड भरला, आणि पुन्हा मासिक काढायला बसले.

लग्नसंस्थेबद्दलचे त्यांचे सगळेच विचार माझ्या पचनी पडतात असं नाही. पण मला जास्त कुतूहल वाटतं ते मालतीबाईंचं. मूल नको हे दोघांनी मिळून ठरवलेलं. नवऱ्याची मिळकत बेताची, त्यातली मासिकात जायची. घर चाललं ते बरंचसं यांच्या पगारावर. त्या काळी मूल नसलेल्या बाईला हळदीकुंकवात काय काय ऐकावं लागलं असेल, ते आपणच ओळखावं.

१९५२ साली सरकारने कुटुंबनियोजन हाती घेतलं. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबरला, रघुनाथराव गेले.

माझ्या धाकटीचं लग्न वैशाखात आहे. रुखवताची यादी झाली, साड्या झाल्या. परवा दुपारी तिला जवळ बसवलं आणि दिवस कसे राहतात, गोळ्या, निरोध, आणि मन नसेल तेव्हा नको कसं म्हणायचं, सगळं सांगितलं. माझेच कान तापले होते. ती शांतपणे म्हणाली, "आई, यातलं बरंच मला ठाऊक आहे. पण तू सांगितलंस, बरं वाटलं. हे त्यालाही कुणी सांगितलंय का गं?"

आता आली पंचाईत! विहीणबाई रविवारी मानपानाचं बोलायला येणार आहेत. चहा झाला की पुरुषमंडळींना वाडी बघायला पाठवीन म्हणते, आणि विषय काढीन.