१६ चा होल्डर, १२ ची खाच

पावसाळी हवेत डाळिंबावरचा तेल्या कुणाची वाट बघत नाही. ऐन फवारणीत ब्लोअरमधला बुश झिजला, तर सोलापुरात लेथवाल्याकडं नंबर लागेस्तोवर दोन दिवस जातात. म्हणून शेडमध्ये छोटा लेथ ठेवलाय.

अडचण होती होल्डरची. माझ्या टूलपोस्टच्या खाचेत १२ मिमीची दांडी बसते, आणि दुकानात हाताला लागला तो १६ मिमीचा कार्बाइड होल्डर. होल्डरचं टोक दांडीच्या वरच्या पातळीला असतं. म्हणजे खाच मोठी करून तसाच बसवला तर टोक सेंटरच्या ४ मिमी वर. टूल कापायचं सोडून घासत बसणार. म्हणून दांडीच्या खालून ४ मिमी काढले. वरून काढून उपयोग नाही, टोक तिथंच राहतं. पोलाद कडक, कानस चालत नाही. मिलिंगवाल्याकडून कार्बाइड कटरनं करून घेतलं.

उंची तपासायला टूलचं टोक आणि चकातली गोल सळई यांच्यात स्टीलची पट्टी हलकेच दाबा. उभी सरळ राहिली तर सेंटर बरोबर. वरची बाजू आपल्याकडं झुकली तर टूल खाली आहे, पलीकडं झुकली तर वर. खाली असेल तर पत्र्याचं पॅकिंग द्या. पुठ्ठा नको, तो दबतो.

खरं सांगू? बारक्या मोटरवर गनमेटलच्या बुशला धार लावलेलं एचएसएस टूलच मला बरं वाटतं. फक्त ते वरून सपाट घासा, नाहीतर आत खेचतं. कार्बाइड ठेवलंय वेल्डिंगनं भरलेल्या शाफ्टसाठी. तिथं एचएसएसची धार लगेच जाते.